एकच लॅपटॉप, तीन किमती

अमेरिकेतल्या डेल कंपनीचा लॅटिट्यूड एल४०० हा लॅपटॉप २००१ साली कंपनीच्या संकेतस्थळावर लहान व्यावसायिकांना २,३०७ डॉलरला मिळत होता, आरोग्यसंस्थांना २,२२८ ला आणि राज्य व स्थानिक सरकारांना सुमारे २,०७२ ला. वॉल स्ट्रीट जर्नलने हे आकडे छापले, तेव्हा या प्रथेच्या समर्थनासाठी जुनाच युक्तिवाद हाताशी होता: ऐपतदाराकडून जास्त घेतले, तरच इतरांना स्वस्त देता येते, सगळ्यांना एकच भाव लावला तर गरीबच बाजाराबाहेर पडेल.

औषधांच्या बाबतीत हे मला पटते. पण इथे सर्वांत जास्त पैसे कोणाकडून मागितले? चार माणसांचे ऑफिस चालवणाऱ्याकडून. सर्वांत कमी सरकारकडून! ऐपतीचा हिशेब असता तर क्रम उलटा लागला असता. ज्याच्याकडे खरेदी विभाग आहे, चार ठिकाणची कोटेशने मागवण्याची सोय आहे, त्याच्यासाठी भाव उतरला. ज्याला घासाघीस करायला वेळ नाही आणि वजनही नाही, त्याच्या माथी पूर्ण किंमत आली.

मोठ्या गिऱ्हाइकाला विकण्याचा खर्च कमी पडतो, असेही सांगतात. खरे आहे. मग सवलत नगांवर लावावी: दहा घेतले तर इतकी, शंभर घेतले तर इतकी. इथे तर किती नग हवेत याआधी तुम्ही कोण, हे विचारले जात होते. शिवाय किमतीतला फरक खर्चातूनच येतो असेही नाही. आयबीएमने १९९० मध्ये मिनिटाला दहा पाने छापणाऱ्या लेझर प्रिंटरची स्वस्त आवृत्ती काढली. ती पाचच पाने छापावी म्हणून तिच्यात वेग कमी करणारी जादा चिप बसवली होती. म्हणजे स्वस्त यंत्रावर खर्च उलट वाढवला होता.

सरसकट एकच भाव असावा, असे माझे म्हणणे नाही. विद्यार्थ्यांची सवलत जरूर राहावी. ती कोणाला मिळते आणि का, हे दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पूर्ण किंमत देणाराही ते जाणूनच देतो. हाच उघडेपणा सर्व सवलतींना सक्तीचा करावा. अमेरिकेतला १९३६ चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा मुख्यतः एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा विचार करतो. स्वतःच्या वापरासाठी यंत्र घेणाऱ्याला त्याचा आधार जवळपास नाही. त्या ग्राहकासाठी वेगळी तरतूद हवी: एका वस्तूच्या जितक्या किमती, तितक्या सगळ्या एकाच ठिकाणी, अटींसह, पैसे भरण्यापूर्वी दिसल्या पाहिजेत.