सिस्टर तुटक का बोलते?

सरकारी दवाखान्यातून परतलेल्या आपल्या वस्तीतल्या बायका हमखास सांगतात, "सिस्टर नीट बोलतच नाहीत." तक्रार खरी आहे. पण त्याच वॉर्डांत आम्ही वर्षानुवर्षे ड्युटी केली आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात 5 रुग्णांमागे 1 परिचारिका हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात 3 मागे 1. रजेसाठी 30 टक्के जादा, ते वेगळेच. आम्ही नाइटला तीस-चाळीस रुग्ण एकटीने सांभाळले आहेत. एकीची सलाईन संपते, दुसरी कळांनी ओरडते, नातेवाईक टेबलापाशी भांडत असतात. अशा वेळी गोड शब्द कुठून आणायचा?

त्यात अकरा महिन्यांचा करार. पुढचा आदेश निघेल की नाही, हे शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नाही. शेजारी तेच काम करणाऱ्या कायम सिस्टरचा पगार कितीतरी जास्त. अशी मुलगी औषधात चूक दिसली तरी बोलायला कचरते. बोलली तर पुढच्या महिन्याच्या ड्युटी चार्टमध्ये सलग नाइट लागतात. त्या गप्प बसण्याची किंमत खाटेवरचा पेशंट मोजतो, आणि तो बहुधा आपल्याच घरातला असतो.

व्यवस्थापनाला मात्र वाटते की 12 मे रोजी केक कापला, गुलाब वाटले की परिचारिका मन लावून काम करतील. (केक कापतानाही वॉर्डात कोणीतरी एकटी असतेच.) मन लागते ते वेळेवर पगार, ठरलेली साप्ताहिक सुट्टी आणि ऐकून घेणारी मेट्रन असली की. 2022 च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, त्या खासगी कंपनीमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध. चर्चा मात्र रुग्णांच्या हालांचीच जास्त झाली.

खासगीत तर आणखी वाईट. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान 20,000 रुपये पगार सुचवला. आपल्या किती जीएनएम झालेल्या मुलींच्या हातात तेवढे पडतात, घरातच विचारून पाहा. मुलगी नोकरीला लागताना नेमणूकपत्र लेखी मागा, पगार बँकेत घ्या, पीएफ कापला तर त्याचा खाते क्रमांक घ्या. मूळ प्रमाणपत्रे कोणी ठेवून घेत असेल तर देऊ नका, फक्त झेरॉक्स द्या.

आणि वॉर्डात हाल झाले तर सिस्टरवर धावून जाण्याआधी अधीक्षकांना लेखी विचारा : या पाळीत किती रुग्ण होते आणि परिचारिका किती?