तक्रारींची मोजदाद कोण करणार?

पावसात भिजत स्कूटरवरून जाणारे कुटुंब पाहून रतन टाटांना जी मोटार सुचली, ती ‘नॅनो’ मार्च २००९ मध्ये बाजारात आली. दोन लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली. वाटपासाठी सोडत काढावी लागली. आतील ऐसपैस जागा आणि बेताचा इंधनखर्च यांवर मालक संतुष्ट होते. मागचे दार उघडत नाही, टाकी अवघी १५ लिटरची, ही कुरकुर लाखाच्या किमतीपुढे क्षम्यच होती. परंतु काही गाड्यांनी पेट घेतला, तेव्हा प्रश्न कुरकुरीचा उरला नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने संरक्षक सुधारणा विनामूल्य देऊ केल्या. मात्र याला सदोष गाड्या परत बोलावणे म्हणण्यास ती तयार नव्हती. आपल्या मालाचा निवाडा उत्पादकानेच करावा, ही भांडवलशाहीची जुनी सोय! त्या महिन्यात जेमतेम ५०९ गाड्या खपल्या.

अशी वाहने परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार शासनाला मिळाला तो मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने. तोवर नॅनोचे उत्पादन थांबले होते. या आदेशाचा एक मुख्य आधार म्हणजे ठरावीक प्रमाणात मालकांनी दोष कळवणे. ग्यानबाची मेख येथेच आहे. नागपूर–अमरावती महामार्गावरील तळेगावात (श्यामजी पंत) मालक दोष कळवतो तो मिस्त्रीला. मिस्त्री गाडी चालू करून देतो आणि तक्रार तेथेच विरते. सरकारी मोजदादीत ती येतच नाही. कार्यकर्त्यांनी अशा मालकांना गाठून, गाडीच्या क्रमांकासह त्यांच्या तक्रारी परिवहन खात्याकडे नोंदवून घ्याव्यात.