पराभवाची शेती

अमेरिकेंतील बेसबॉलच्या जाणत्या मंडळींत एक मत अलीकडे फार बळावलें आहे. संघ उभारावयाचा तर तो आधीं मोडावा. नाणावलेले खेळाडू इतरांस देऊन बदल्यांत होतकरू पोरें घ्यावीं. तीनचार वर्षें खुशाल हरावें. आणि तळाशीं राहिल्याबद्दल नवोदितांच्या वार्षिक निवडींत जो अग्रमान मिळतो त्यावर उद्यांच्या विजयाचे मनोरे रचावे. यास तिकडे ‘पुनर्बांधणी’ असें भारदस्त नांव आहे. आम्ही यास कृपणपणावर पांघरलेली शाल म्हणतों.

या पक्षाचा हुकमी दाखला ह्यूस्टनचा. ॲस्ट्रोज संघ २०११ सालीं १०६, २०१२ सालीं १०७ व २०१३ सालीं १११ सामने हरला, आणि २०१७ सालीं ‘वर्ल्ड सिरीज’ जिंकला. हें सारें खरें. पण त्या विजयाचे शिल्पकार कोण? त्या वर्षीं अमेरिकन लीगमध्यें सर्वोत्तम ठरलेला होसे अल्टुवे २००७ सालींच करारबद्ध झाला होता. अंतिम मालिका गाजविणारा जॉर्ज स्प्रिंगर २०११ च्या जूनमधील निवडींतला. शंभर पराभवांचें पहिलें वर्षही तेव्हां पुरें झालें नव्हतें. जस्टिन व्हर्लँडर तर ऐन ऑगस्टअखेर डेट्रॉईटकडून आणलेला चौतीस वर्षांचा मुरलेला पिचर. पराभवांच्या पुण्याईनें लाभलेला कार्लोस कोरेआ मोठा खेळाडू, हें आम्हांस मान्य आहे. पण त्याच पुण्याईनें २०१३ सालीं लाभलेला मार्क ॲपेल ह्यूस्टनकडून मोठ्या लीगमध्यें एकही सामना खेळला नाहीं, हें सांगावयास ही मंडळी विसरतात. (२०१७ सालीं कॅमेऱ्याच्या साह्यानें प्रतिपक्षाच्या खुणा चोरल्या, तो अध्याय निराळाच.)

खरें मर्म पैशांत आहे. मोठ्या लीगमध्यें सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडूस स्वतःचा संघ निवडतां येत नाहीं, आणि पहिलीं दोनतीन वर्षें तर तो जवळजवळ किमान वेतनावर राबतो. होतकरू पोरांवरील प्रेमाचा उगम येथें आहे. २०१५ सालीं शिकागो कब्सनें क्रिस ब्रायंट यास हंगामाच्या आरंभीं कांहीं दिवस खालच्या लीगमध्यें ठेवलें. त्याच्या सेवेचें वर्ष एका दिवसानें अपुरें राहिलें, आणि त्याची मुक्तता वर्षभर लांबली! त्याची तक्रार २०२० सालीं फेटाळली गेली.

मुक्त खेळाडूंवरील खर्चास हेच लोक उधळपट्टी म्हणतात. ती मुक्तता कोणी खिरापत म्हणून वाटलेली नाहीं. १९६९ सालीं सेंट लुईसनें कर्ट फ्लड यास न विचारतां फिलाडेल्फियास देऊन टाकलें. तो अडून बसला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९७२ सालीं हरला. तोंवर त्याचा खेळही संपला होता. पुढें १९७५ च्या लवादानें जें दार उघडलें त्यांतूनच २०२१ अखेर कोरी सीगर व मार्कस सीमियन टेक्सासला गेले. त्या वर्षीं १०२ सामने हरलेला तो संघ २०२३ सालीं वर्ल्ड सिरीज जिंकून बसला. पैसा खर्चून!

आणि तिकीट काढून बसणाऱ्या माणसाचें काय? त्याचे फुकट गेलेले उन्हाळे कोणत्या वहींत मांडले? शिकागोच्या व्हाईट सॉक्सनें २०१६ अखेर ख्रिस सेलसारखा पिचर बोस्टनला देऊन मोडणी आरंभिली. मध्यंतरीं दोनदां बाद फेरींत जाऊन एकही मालिका न जिंकतां ते २०२४ सालीं १२१ सामने हरले. त्याच सालीं सेल अटलांटाकडून नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. निवडीचे पहिले सहा क्रमांक आतां सोडतीनें ठरतात, आणि मोठ्या शहरांच्या संघांस लागोपाठ दोन वर्षें त्या सोडतीचा लाभ मिळत नाहीं. एकशें एकवीस पराभवांबद्दल २०२५ सालीं व्हाईट सॉक्सच्या वांट्यास आला तो दहावा क्रमांक.