तारण : एक शब्द, दोन अर्थ आणि जुन्नर-आंबेगावचा जुना प्रश्न

१) जुन्नर म्हटले की शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री ही नावे ओठांवर येतात. आंबेगाव म्हटले की घोड नदीचे खोरे आणि डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेले मूळ आंबेगाव आठवते. आजचा थ्रेड मात्र राजवटींविषयी नाही. तो एका प्रश्नाविषयी आहे : ईश्वर जर न्यायी असेल, तर तो अपराध माफ कसा करतो? आणि तो जर प्रेमळ असेल, तर शिक्षा कशी देतो?

२) हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचाराच्या गाभ्याशी आहे. मराठी बायबलमध्ये मुक्तीसाठी जो शब्द रूढ झाला तो 'तारण'. आता गंमत पाहा. बाजारात, सावकाराच्या पेढीवर आणि आज बँकेतही 'तारण' म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू. एकाच शब्दात उद्धारही आहे आणि कर्जाची हमीही. माझे मत असे की, ख्रिस्ती तारणविचार समजून घ्यायला या दुहेरी अर्थाइतकी चांगली किल्ली मराठी वाचकाला दुसरी मिळणार नाही.

३) कर्जाची भाषा या विचारात मुळापासून आहे. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाठात, पापासाठी 'ऋण' ही कल्पना येते. मनुष्य ईश्वराचा ऋणको. ऋण इतके मोठे की ते फेडण्याची त्याची ऐपत नाही. मग धनकोच स्वतः ते फेडतो. क्रूसावरील मरणाचा अर्थ ख्रिस्ती परंपरेने मुख्यतः असा लावला.

४) पण हा अर्थ एकमुखी नव्हता. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने मांडले की अपराधाची भरपाई झाल्यावाचून क्षमा करणे ईश्वराच्या न्यायाला शोभणार नाही, आणि ती भरपाई मनुष्याच्या आवाक्याबाहेरची आहे. बाराव्या शतकात पीटर आबेलार्ड याने भर दिला तो प्रेमावर : क्रूस पाहून माणसाचे हृदय पालटते, हेच तारण. न्यायाचा पक्ष आणि प्रेमाचा पक्ष हा वाद ख्रिस्ती धर्माच्या घरातच सुरू होता.

५) आता आपल्या मातीकडे वळू. जुन्नरच्या लेण्यांत शिवनेरी आणि मानमोडी येथे यवन दात्यांचे लेख आहेत. इरिलाने पाण्याच्या पोढी दिल्या, चिटाने भोजनमंडप दिला, चंदाने लेण्याच्या दर्शनी भागासाठी दान दिले. या दानाला लेखांत शब्द आहे 'देयधर्म'. दान करावे, पुण्य जोडावे, कर्माचे फळ भोगावे, असा हा हिशेब आहे. येथे ज्याचे खाते त्यानेच सांभाळायचे. दुसऱ्याने येऊन फेडण्याचा प्रश्न नाही.

६) याच तालुक्यातील आळे येथे, ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी दाखवतात. कथा इतिहास म्हणून घ्यावी की नाही, हा वेगळा विषय. पण ती विचारते काय ते पाहा : वेदाचा अधिकार कोणाला? उत्तर असे की कृपा झाली तर रेड्यालाही. म्हणजे पात्रता आधी आणि कृपा नंतर, हा क्रम संतपरंपरेने येथेच उलटा केला होता.

७) पुढे ओतूर. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी परंपरेने ओतूरला मानली जाते. आणि तुकोबांविषयीची कथा प्रसिद्ध आहे की सावकारीच्या वाट्यातील आपल्या हिश्शाची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. या कृतीचा अर्थ नीट लावा. खत बुडाले म्हणून पैसे परत आले नाहीत. ऋणको सुटला, कारण धनकोने तोटा सोसला. क्षमा फुकट नसते. तिची किंमत क्षमा करणारा मोजतो. ख्रिस्ती धर्मशास्त्र क्रूसाविषयी जे सांगते, त्याच्या इतके जवळ जाणारे दुसरे मराठी चित्र मला ठाऊक नाही.

८) पण खत बुडवण्याचा अधिकार धनकोलाच असतो का? आंबेगावच्या डोंगरी भागातील जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले याने १८७३ च्या अखेरीस सावकारांविरुद्ध बंड उभारले. १८७६ मध्ये तो पकडला गेला. मधल्या काळात, १८७५ मध्ये, याच पुणे जिल्ह्यातील सुपे आणि शिरूर भागांत शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले. ज्यांच्या लेखी कर्जच अन्यायाचे होते, त्यांना 'क्षमा' नको होती, न्याय हवा होता. तारणाची भाषा बोलणाऱ्या कोणालाही हा भेद टाळता येत नाही.

९) याच एकोणिसाव्या शतकात जुन्नर हे चर्च मिशनरी सोसायटीचे एक ठाणे होते. मिशनरी तारणाविषयी बोलत तेव्हा श्रोत्यांची पाटी कोरी नव्हती, हे आता ध्यानात येईल. त्यांच्यामागे देयधर्म होता, कर्मविपाक होता, वारी होती आणि सावकाराची वहीही होती.

१०) म्हणूनच वादही तोलामोलाचे झाले. मुंबईत १८३० च्या दशकाच्या आरंभी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात वाद झाला. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर चर्चा केल्या. अशा वादांतून पुढे आलेले आक्षेप आजही ताजे वाटतात. निरपराध्याला शिक्षा होऊन अपराधी सुटणे हा न्याय कसा? जन्म एकच असेल, तर जन्मापासून दिसणाऱ्या विषमतेचा जाब कोणाला विचारायचा? मर्यादित पापाला अनंत शिक्षा का?

११) या प्रश्नांचे ओझे एका माणसाने दोन्ही बाजूंनी वाहिले. नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) यांनी ऐन तारुण्यात काशीत ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ संस्कृतात ग्रंथ लिहिला. १८४८ मध्ये त्यांनीच बाप्तिस्मा घेतला आणि नहेम्या गोऱ्हे हे नाव धारण केले. पुढे अनंत शिक्षेच्या सिद्धांतावरील आक्षेपांना उत्तर देणारे लेखनही त्यांनी केले. असा मनुष्य लोभाने गेला किंवा भुलून गेला, असे म्हणणे हा आळस आहे.

१२) पंडिता रमाबाईंचा मार्ग निराळा. धर्मग्रंथ परस्परांशी अनेक बाबतींत विसंगत असले तरी स्त्रीला मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नाकारण्यात ते एक आहेत, हे त्यांना बोचले होते. इंग्लंडमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा त्यांनी फुलम येथे पाहिली आणि शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेल्या संभाषणात त्यांना आपल्या प्रश्नाचे उत्तर दिसले. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण चर्चचा प्रत्येक सिद्धांत त्यांनी डोळे मिटून मानला नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार याची साक्ष देतो. पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्ती मिशन हा त्यांच्या तारणविचाराचा खरा भाष्यग्रंथ : आधी आसरा, मग उपदेश.

१३) नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. ओतूर आणि देहू यांना जोडणारी परंपरा येथे पुढे चालत जाते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही स्थान होते. प्रेमाला दाराशी दाखला मागू नये, हा त्याचा अर्थ.

१४) आणि ओतूरनेच १८८० च्या दशकात या चर्चेत तिसरा आवाज मिसळला. सत्यशोधक बाळाजी कुसाजी पाटील यांच्याकडे पुरोहिताशिवाय लग्न लागले. ग्रामजोशाने हक्क सांगितला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. ख्रिस्ती मत सांगे की ईश्वर आणि मनुष्य यांच्यामध्ये एकच मध्यस्थ, ख्रिस्त. जोतीराव फुले सांगत की निर्मिक आणि त्याची लेकरे यांच्यामध्ये कोणीच नको. ग्रामजोशी सांगे की मध्यस्थी हे आमचे वतन. एकाच प्रदेशात, एकाच पिढीत ही तीन उत्तरे उभी होती.

१५) म्हणून माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. महाराष्ट्रातील ख्रिस्ती इतिहासाकडे पाहण्याच्या दोन सोयीच्या रीती आहेत. एक म्हणते : सारे आमिष. दुसरी म्हणते : सारे धर्म शेवटी एकच, वाद कशाला? पहिली माणसांची बुद्धी नाकारते, दुसरी त्यांचा मतभेद. गोऱ्हे, रमाबाई आणि टिळक यांना दोन्ही रीती सारख्याच अन्यायकारक आहेत. मोरभटांना आणि फुल्यांनाही.

१६) चर्चलाही या प्रश्नातून सूट नाही. प्रेमाला पात्रता लागत नाही असा उपदेश झाला, तरी जात अनेक ठिकाणी चर्चच्या बाकांपर्यंत पोहोचली. स्वर्गातील ऋण फिटले असे सांगणाऱ्याला पृथ्वीवरील हिशेबाविषयी विचारलेच जाणार, आणि विचारले गेले पाहिजे. न्यायाशिवाय प्रेम हे केवळ गोड बोलणे ठरते. प्रेमाशिवाय न्याय म्हणजे सावकाराची वही. ख्रिस्ती तारणविचाराचे मोल हे की तो या दोहोंतील एकही सोडायला तयार नाही. त्याने घातलेला मेळ पटो वा न पटो, मांडलेला पेच खरा आहे.

१७) तेव्हा जुन्नरला जाल तेव्हा किल्ला आणि लेणी अवश्य पाहा. पण आळ्याला आणि ओतूरलाही वाट वाकडी करून जा, आणि एक प्रश्न सोबत ठेवा : कर्ज माफ झाले, तेव्हा तोटा कोणी सोसला? आपले उत्तर, आक्षेप आणि स्थानिक माहिती खाली अवश्य लिहा. वाद होऊ द्या. या प्रदेशाला त्याची सवय आहे.