उसाची पक्वता व प्रकाशतंतूचा स्वस्त मापक

उसाचे वय भरले म्हणजे ऊस पक्व झाला, असा समज अद्याप पुष्कळ गावांत रूढ आहे. वस्तुतः जात, लागणीचा हंगाम, पाण्याच्या पाळ्या व नत्राची मात्रा यांमुळे एकाच वयाच्या दोन फडांतील रसाच्या गोडीत अंतर पडते. उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशी निगडित असल्यामुळे कोवळा ऊस गाळपास गेला की त्याची झळ सर्वच ऊस उत्पादकांस लागते. म्हणून तोडणीपूर्वी फडातच रस तपासणे अगत्याचे आहे, आणि त्याकरिता प्रकाशतंतूच्या स्वस्त मापकाचा विचार व्हावयास हवा.

या मापकाची रचना साधी आहे. सुमारे एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा तंतू, एका टोकास तांबडा एल.ई.डी. दिवा व दुसऱ्या टोकास प्रकाश मोजणारा फोटोडायोड, एवढाच त्याचा संसार. तंतू मध्यभागी नालाप्रमाणे वाकवून तेथील पातळ आवरण काढलेले असते. हा वाक रसात बुडविला म्हणजे आतील प्रकाशाचा काही अंश बाहेर निसटतो. रसात साखर जितकी अधिक, तितका त्याचा वक्रीभवनांक अधिक व तितकाच प्रकाश अधिक निसटतो. २० अंश सेल्सिअस तपमानास पाण्याचा वक्रीभवनांक १.३३३ असतो, तर २० ब्रिक्सच्या साखरपाण्याचा १.३६४.

येथेच फसगतीची जागा आहे. विद्युत्घट उतरला की दिवा मंद होतो, टोकाशी पोचणारा प्रकाश घटतो आणि यंत्र कोवळ्या उसास पक्व ठरविते! रसातील चोथा तंतूस चिकटला तरी आकडा बिघडतो. यास्तव न बुडणारा दुसरा साक्षी तंतू ज्यात नाही, ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. ३० अंश तपमानाच्या रसाचे ब्रिक्सही सुमारे पाऊण अंशाने कमी भासते, ही दुरुस्ती ध्यानात ठेवावी.

यंत्राची परीक्षा गावातच होऊ शकते. ८० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम साखर विरघळविली की २० ब्रिक्सचे द्रावण होते. ८५ ग्रॅम पाण्यात १५ ग्रॅम घातली की १५ चे. द्रावण रोज ताजे करावे, कारण ते आंबते. विक्रेत्यास ही परीक्षा आपल्यासमक्ष नको असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. हँड रिफ्रॅक्टोमीटर ज्या गावात आहे, तेथे तर नव्या यंत्राची मुळीच घाई नको.

विहिरीच्या पाण्याचा खारेपणाही याच तंतूने मोजावा, असे कोणी सुचवील. ते मात्र व्यर्थ होय. लिटरमागे दोन ग्रॅम मिठाने वक्रीभवनांकात जो फरक पडतो, जवळजवळ तेवढाच पाणी तीनचार अंशांनी निवले तरी पडतो. तेथे विद्युत्वाहकता मोजणारे उपकरणच योग्य.

ब्रिक्स म्हणजे निव्वळ साखर नव्हे. रसात विरघळलेले सर्व घन पदार्थ त्यात आले. म्हणून बुंध्याचा व शेंड्याचा रस निरनिराळा तपासावा. शेंड्याचा आकडा बुंध्याच्या आकड्याजवळ आला, म्हणजे ऊस तोडणीस आला असे समजावे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने अशी फडवार नोंद ठेवून ती तोडणीचा क्रम ठरण्यापूर्वीच कारखान्याच्या शेतकी विभागापुढे मांडावी. टोळ्या फडात उतरल्यावर तिचा उपयोग उरत नाही.