बिनतिकिटाचे मैदान

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याच्या दिवसांत जो शिरतो त्याला तिकीट विचारणारा मनुष्य भेटत नाही. आणि ही गोष्ट या मुलखाच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत या बाजूंनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अथवा एस.टी.तून दाटीवाटीने आलेला शेतकरी, त्याच्या सोयाबीनची काढणी उरकलेली असो वा निम्मे पीक अद्याप शेतातच उभे असो, रामलीला पाहून, रावणाचे दहन पाहून आणि दंगलीतल्या अखेरच्या कुस्तीचा निकाल लागेपर्यंत हौदाच्या कडेला उकिडवा बसून घरी परततो, तेव्हा आपण काही फुकट पदरात पाडून घेतले अशी भावना त्याच्या मनाला शिवतही नाही.

हा उत्सव खाकीबाबा मठाचे महंत मानदासबाबा यांनी 1855 साली सुरू केला असे परंपरा सांगते. हिंगोली त्या काळी निजामाच्या मुलखातील लष्करी ठाणे होती. हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजेची छावणी येथे होती, आणि ती फौज 1903 मध्ये इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन होऊन कालौघात दिसेनाशी झाली तरी पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे मागे ठेवून गेली. या फौजेत उत्तर हिंदुस्थानातले शिपाई पुष्कळ असत. मराठवाड्याच्या एका आडबाजूच्या गावी, जेथे दसरा म्हणजे सीमोल्लंघन आणि आपट्याची पाने एवढेच असावयाचे, तेथे रामलीला व रावणदहन यांनी असे बस्तान का बसवले याचा उलगडा मला तरी या शिपाईगिरीत दिसतो. अर्थात हा माझा तर्क आहे, दप्तराचा दाखला नव्हे. हिंगोलीचा दसरा म्हैसूरच्या खालोखाल, म्हणजे हिंदुस्थानात दुसरा, असेही येथला प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. ही क्रमवारी कोणी आणि केव्हा मुक्रर केली हे विचारण्याचा अरसिकपणा आजवर कोणी केलेला नाही, आणि मीही करणार नाही.

मला लिहावयाचे आहे ते मुख्यतः दंगलीविषयी. कारण रामलीला विनामूल्य असणे यात नवल नाही, देवाच्या कथेला कोणी दार लावीत नाही, परंतु खेळ हा आता जगभर विकत घेण्याचा विषय झालेला असताना कुस्तीचे मैदान उघडे राहावे याचा थोडा विचार करावयास हवा. आमच्याकडील जत्रेतल्या दंगलीचा दस्तूर असा की, दुपार कलली म्हणजे प्रथम पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या लागतात. हलगी घुमू लागते. मग मोठे मल्ल लांग कसून हौदाला फेरी मारतात, हात उंचावून जोड मागतात, पंच दोघांची अंगलट डोळ्यांनी जोखून जोड लावतात, आणि जसजसा दिवस मावळतीकडे झुकतो तसतशी इनामाची रक्कम चढत जाते. हौदातली माती म्हणजे नुसती माती नव्हे. तीत तेल, ताक, लिंबू आणि हळद घालून ती मळलेली असते. ज्या जिल्ह्याच्या वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जिल्ह्यात ही हळद आपल्याच शेतातली म्हणून मल्लाच्या पाठीला लागते, याचे सुख हौदाकडेच्या शेतकऱ्याला काही निराळेच असावे.

आणि येथेच या बिनतिकिटाच्या व्यवहाराचे मर्म आहे. कुस्ती निकाली झाली, एक मल्ल चीतपट झाला, की विजयी मल्ल मातीने माखलेल्या अंगाने प्रेक्षकांमधून फिरतो आणि ज्याला त्याची कुस्ती आवडली तो कनवटीची नोट काढून त्याच्या हातावर ठेवतो. कोणी दहाची, कोणी पाचशेची, आणि ज्याच्यापाशी काहीच नसते तो पाठीवर थाप मारतो, तीही मल्ल तितक्याच अदबीने घेतो. म्हणजे मोल येथेही दिले जाते. परंतु ते खेळ पाहून झाल्यावर, ऐपतीप्रमाणे व राजीखुषीने दिले जाते. कुस्ती लुटुपुटूची वाटली, दोघे मल्ल संगनमताने वेळ काढीत आहेत असा संशय आला, तर हेच प्रेक्षक जी आरोळी ठोकतात ती ऐकून पंचांना कुस्ती सोडवावी लागते. आगाऊ पैसे भरून खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला हा अधिकार उरत नाही.

या परंपरेचे ऋण मराठी कुस्तीवर किती आहे हे मल्ल खाशाबा जाधवांच्या चरित्रात दिसते. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांच्यापाशी पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी गोळा केली, त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्याचे, घरी आणल्यावर, त्यांच्या गोळेश्वर गावी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे त्याच मल्लाने मैदानात कुस्त्या करून ते कर्ज फेडले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून खासबाग मैदान उभारले आणि 1912 मध्ये ते खुले केले. त्याची रचना हौद मध्यभागी आणि भोवताली चढत जाणारा उतार अशी, ज्यामुळे पाठीमागच्यालाही हौद दिसावा. आमच्या मराठवाड्याचाही या इतिहासात वाटा आहे: 1961 मध्ये पहिला महाराष्ट्र केसरी किताब दिनकर दह्यारी यांनी जिंकला तो औरंगाबादच्या मैदानात.

मोठ्या राजधान्यांना हे शहाणपण अलीकडे नव्याने शिकावे लागत आहे. 2006 साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक भरला, तेव्हा क्रीडागारांची तिकिटे मिळणे दुरापास्त झाल्यामुळे चौकाचौकांत प्रचंड पडदे लावून सामने विनामूल्य दाखविण्यात आले, आणि त्या स्पर्धेची आठवण म्हणून जर्मन माणूस आज त्या चौकांविषयीच अधिक बोलतो. 2024 च्या जुलैत पॅरिसने ऑलिंपिकचा उद्घाटनसोहळा सेन नदीत भरविला, तो वरच्या धक्क्यावरून पाहण्यासाठी दोन लाखांहून अधिक प्रवेशपत्रे मोफत दिली. आणि त्युइलेरी उद्यानात रोज रात्री आकाशात चढणारी ऑलिंपिकची ज्योत जवळून पाहण्याचीही मुभा दिली. मात्र त्या मुभेलाही आधी नोंदणी करावी लागे आणि जागा हा हा म्हणता संपून जात. युरोपियन शिस्तीला हे साजेसेच आहे. पण सेनगावच्या म्हाताऱ्याला दसऱ्याच्या आधी मोबाइलवर नोंदणी करावयास सांगितले असते तर तो घरीच बसला असता.

आता दुसरी बाजू. मैदान विनामूल्य असले तरी मैदानापर्यंत पोचणे विनामूल्य नसते. एका दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे पडते, आणि पोरे बरोबर असली की आकाशपाळणा व मौत का कुआँ यांच्यासमोर बापाचा खिसा अक्षरशः रिता होतो. जत्रेचे अर्थशास्त्र असेच आहे: पाळण्याच्या व दुकानाच्या गल्ल्यावर जत्रा उभी राहते, आणि रामलीला, दहन व दंगल ही तिन्ही मोकळी राहतात. या व्यवस्थेत मला काही अन्याय दिसत नाही. सरकारने 2022 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत केली आणि 2023 मध्ये स्त्रियांना निम्मे भाडे लागू केले, त्याने खेड्यातल्या स्त्रियांना व वृद्धांना जत्रेची वाट थोडी सोपी झाली. करमणुकीच्या नावाने काढलेल्या कित्येक योजनांपेक्षा या दोन हुकुमांनी करमणूक अधिक पोचविली असे माझे मत आहे.

परंतु या बिनतिकिटाच्या मैदानाविषयी गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. ते सर्वांना मोकळे कधीच नव्हते. स्त्री रामलीलेला येई, दहनाला येई, परंतु हौदाच्या कडेला तिला जागा नसे. कोणी मज्जाव केला नव्हता, फलक लावला नव्हता, तरीही ती तेथे नसे, आणि ती नसणे कोणाला खटकतही नसे. 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. ज्या खेळात मुली आता गदा उचलतात, त्या खेळाच्या प्रेक्षकांत त्यांच्या आया नसाव्यात ही स्थिती किती काळ चालू द्यावयाची? जेथे दिवसभर बसावयाचे तेथे स्त्रियांना स्वच्छतागृह हवे, पाणी हवे, आणि अंधार पडल्यावर परतीची वाट निर्धोक हवी. या तीन गोष्टी नसल्या म्हणजे विनामूल्य प्रवेश त्यांच्यासाठी कागदावरच राहतो.

शिवाय अलीकडे गावोगावच्या मैदानांत एक नवा पायंडा पडत चालला आहे. हौदाच्या पुढ्यात, जेथे पूर्वी मुले मांडी घालून बसत, तेथे पांढऱ्या आवरणाचे सोफे येतात. त्यांवर पाहुणे येतात, उशिरा येतात, त्यांचे सत्कार होतात, फेटे बांधले जातात, आणि मल्ल हौदात उभे राहून अंग थंड होईतो वाट पाहतात. तिकीट लावल्याशिवायही लोकांना मागे कसे ढकलता येते हे या सोफ्यांनी सिद्ध केले आहे, आणि ते मला तिकिटापेक्षा अधिक बोचते. तिकीट निदान पैसे देणाऱ्याला पुढे बसू देते.

म्हणून जिल्ह्यात जेथे जेथे दंगल भरते तेथील पंचमंडळींना व कारभाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे: पुढली जमीन मुलांना आणि बायकांना मोकळी ठेवावी, सोफे असलेच पाहिजेत तर मागे न्यावेत, सत्कार कुस्त्या संपल्यावर उरकावेत, पाण्याच्या टाक्या व स्वच्छतागृहे मंडपाच्या आधी उभी करावीत, कुस्त्यांची वेळ ग्रामपंचायतींच्या फलकांवर आठवडाभर आधी लावावी, आणि एस.टी.च्या आगारप्रमुखांशी बोलून अशी तजवीज करावी की, तालुक्याच्या गावांना जाणारी शेवटची गाडी शेवटच्या कुस्तीनंतर सुटेल.