मुलांच्या कपाटातली पुस्तकं काढू देऊ नका!

पालकहो, शिक्षकहो, ग्रंथपालहो,

हॅरी पॉटर आणि तशा कादंबऱ्या बालवाचनालयांतून काढून टाकाव्यात, या मागणीला आमचा स्पष्ट विरोध आहे. कारण एकच दिलं जातं : त्यांत खून आहेत, काळी जादू आहे, मुलं घाबरतात.

मग चिलयाबाळाची गोष्ट आपण कोणाला सांगत आलो? दारी आलेल्या अतिथीसाठी पोटच्या पोराला मारून त्याचं मस्तक उखळात कांडणारी चांगुणा लहान लहान मुलांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून निघालेला विक्रम राजा ‘चांदोबा’त वर्षानुवर्षं भेटत होता. ती मुलं बिघडली नाहीत. मृत्यू मुलांपासून लपवण्याची घाई आजच्या मोठ्यांनाच झाली आहे.

अमेरिकेत हे सगळं होऊन गेलं. न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावी एका चर्चने डिसेंबर २००१ मध्ये हॅरी पॉटरच्या प्रती जाहीरपणे जाळल्या. २००० ते २००९ या दशकात तिथल्या ग्रंथालयांत सर्वांत जास्त आक्षेप याच मालिकेवर आले. मुलं वाचतच राहिली.

का वाचतात, ते पाहा. पहिला भाग लिहिणं चालू असतानाच, १९९० मध्ये, लेखिका रोलिंगबाईंची आई वारली. त्या पुस्तकात एक आरसा आहे. अनाथ हॅरीला त्यात आपले मेलेले आईवडील दिसतात आणि तो रात्रीमागून रात्री त्याच्यापुढे जाऊन बसतो. कोविडमध्ये आई किंवा बाप गमावलेली मुलं आपल्याच वर्गांत बसलेली आहेत. त्यांच्याशी त्या दुःखाबद्दल किती मोठी माणसं बोलली? चौथ्या भागात सेड्रिक नावाचा विद्यार्थी मारला जातो. सरकारला ते दडपायचं असतं. तरी मुख्याध्यापक भरल्या सभागृहात मुलांना खरं सांगतात, पालक चिडतील हे ठाऊक असूनही. आम्हाला मुलांसाठी असंच पुस्तक हवं.

एक गोष्ट मात्र आम्ही मान्य करतो. पहिला भाग १९९७ चा, सातवा २००७ चा. हॅरी अकरा वर्षांचा असतो तिथून सतरापर्यंत जातो, आणि पुस्तकंही त्याच्याबरोबर गडद होत जातात. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती वाढदिवसाला सातही भागांचा संच देणं चूक आहे. पहिले दोन-तीन द्या, पुढचे थांबून द्या, आणि रात्री मूल घाबरून उठलं तर त्याच्याजवळ बसा. क्रौर्याची मजा घ्यायला शिकवणारी पुस्तकंही बाजारात आहेत, त्यांना आमचा पाठिंबा नाही. पण हा फरक मुखपृष्ठ पाहून कळत नाही, पुस्तक वाचावं लागतं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ज्यांना एखादं पुस्तक काढायचं असेल त्यांनी ते आधी पूर्ण वाचावं, पालकसभेत यावं आणि पान उघडून आक्षेप सांगावा. न वाचता केलेला एकही अर्ज ग्रंथपालांनी स्वीकारू नये, आणि पालकांनी या बाबतीत त्यांच्या पाठीशी उभं राहावं.